हौशीराम आबांची शिट्टी

लीलाबाईंनी पहिली भाकरी तव्यावर टाकली आणि दाराची कडी वाजली. दारात निलेश, गावच्या स्मारक समितीचा. फौजेतून परतून औंढ्यात नव्या तऱ्हेची शेती सुरू करणाऱ्या पाच जणांची नावं दगडावर कोरून झाली होती. शेजारच्या काचेच्या कपाटात प्रत्येकाची एक वस्तू ठेवायची होती. सोपानभाऊंनी तर पदक दिलं होतं. राहिले होते फक्त हौशीराम आबा, आणि कपाट दुपारी बंद व्हायचं होतं.

आबांच्या गणवेशाचा निकाल उंदरांनी केव्हाच लावला होता. आबांनी बायकोकडे पाहिलं. लीलाबाईंनी भाकरी उलटली. नवऱ्याच्या मनात काय आहे ते त्यांना न सांगता कळलं. शिट्टी.

हवालदार हौशीराम निवृत्त होऊन आले, त्या आषाढात गावात पहिल्यांदा दोरीवर भात लावायला निघाले. दोरीला वितीवितीवर गाठ, प्रत्येक गाठीपाशी रोप. कल्पना चोख होती. पण स्वारी बांधावर ताठ उभी राहून शिट्टी फुंकायची. एक शिट्टी, बायांनी एक पाऊल मागं. तोवर लावणीचा वेग ठरायचा तो बायांच्या म्होरक्या सरूबाईंच्या गाण्यावर. तिसऱ्या शिट्टीला सरूबाई चिखलातून बाहेर आल्या, पाटात हात धुतले आणि घराकडे चालू लागल्या. त्यांच्यामागं बाकीच्या अकराजणी. उपटलेली रोपं बांधावर माना टाकायला लागली. शेवटी लीलाबाईच संध्याकाळी सरूबाईंच्या दारी गेल्या आणि शिट्टी त्यांच्या हवाली करून आल्या. दुसऱ्या दिवशी लावणी गाण्यावर झाली, पण दोरीवरच झाली. सुगीला भात असं आलं, की पुढच्या साली ती दोरी गावभर फिरली. शिट्टी मात्र सरूबाईंकडेच राहिली.

आबांनी घसा खाकरला. लीलाबाईंनीच ती मागून आणली तर बरं, असं काहीसं ते पुटपुटले.

"मी गेलते येकदा तुमच्यापायी," लीलाबाई म्हणाल्या. "आता तुमी जावा."

आबांनी टोपी घातली आणि निघाले. निलेशला भाकरीकडे बघायला सांगून लीलाबाईही मागोमाग गेल्या. असा प्रसंग चुकवणं त्यांना जमणारं नव्हतं.

सरूबाई अंगणात तांदूळ निवडत बसल्या होत्या. सतरा वर्षं सीमेवर पाय रोवून उभा राहिलेला माणूस कुडापाशीच चुळबुळायला लागला. स्मारकाचं, कपाटाचं, सोपानभाऊंच्या पदकाचं, सगळं सांगून झालं. शिट्टीचं काही तोंडातून निघेना. लीलाबाईंनी पदर तोंडाला लावला.

सरूबाईंनी सुपातली नजर वर केली नाही. "हवालदार, आज कुणाला मागं सरकवायचंय?"

आबांनी टोपी काढून हातात घेतली.

"कुणाला न्हाई, आक्का. माझी शिट्टी तेवढी द्या. वाजवणार न्हाई, काचंत ठेवायचीय."