टाकीवर वाकलेले सासरे

पेट्रोलचा वास आला की धामणगावातली ती दुपार आठवते. टाकी भरली तरी गाडीचा काटा खालीच राहायचा, म्हणून मेकॅनिकने मागची सीट काढून टाकीचं झाकण उघडलं. ज्याच्यावर काटा चालतो तो आतला तरंगणारा गोळा कानाशी हलवून म्हणाला, "फुटला हा, पेट्रोल भरून बुडते." तो नवा आणायला दुकानात गेला. सासऱ्यांना पटेना. "पंपवाल्यानं पेट्रोल टाकलं तरी का, पाहू दे," म्हणत ते अंधाऱ्या टाकीवर वाकले आणि त्यांनी काडेपेटी काढली. पुढच्या सीटवर माझं बाळ झोपलेलं. सासऱ्यांसमोर मी कधी तोंड उघडलं नव्हतं. तरी ओरडले, "मामाजी, काडी ओढू नोका! लेकरू हाये!" त्यांचा हात थांबला. काडेपेटी खिशात ठेवत ते हळूच म्हणाले, "बोलत जाय, बाई." अजूनही पंपावर गाडी थांबली की मी आधी सगळ्यांचे हात पाहते.