तांबड्या कालवडीचा बाप

"डॉक्टरबाई, खरं सांगा, हिचा बाप कोण?"

निवृत्ती अण्णांनी हा प्रश्न अख्ख्या आळीसमोर विचारला तेव्हा माझा एक हात अजून गायीच्या आत होता. व्याल्यानंतर पडायची वार अडकली होती, ती काढत होते.

"थांबा अण्णा, आधी आईला मोकळी करू द्या," मी म्हणाले. "मग बापाचं बघू."

घोटीच्या आसपासच्या गावांत मी जनावरांची प्रॅक्टिस करते. ही गाय कचरूतात्यांची, एचएफ म्हणजे होल्स्टीन जातीची, काळी-पांढरी. माजावर आली तेव्हा मीच तिला भरवलं होतं. म्हणजे चांगल्या वळूचं गोठवलेलं वीर्य एका बारीक नळीतून सोडलं होतं. त्या नळीला आम्ही स्ट्रॉ म्हणतो. तो वळूही काळा-पांढराच. आणि कालवड झाली तांबडी, कपाळावर आणि पोटावर पांढरे ठिपके.

शेजारच्या अण्णांचा वळू तांबडा. मी गाय भरवली त्याच आठवड्यात तो कुंपण मोडून तात्यांच्या गोठ्यात शिरला होता, हे साऱ्या गावाला ठाऊक. त्यामुळे अण्णांचं म्हणणं सरळ होतं.

"बाप आमचा, तर निम्मी कालवड आमची. सहा महिने माझ्या दावणीला."

तात्यांच्या पत्नी हौसाबाई कालवडीला मांडीशी धरून बसल्या होत्या. आधीच्या तीन वेतांत गोऱ्हेच झाले होते. ही पहिली कालवड. "नेतील का हो हिला?" त्यांनी मला हळूच विचारलं. शिवाय माझीही इज्जत पणाला लागली होती. अण्णा खरे ठरले तर डॉक्टरबाईंचा स्ट्रॉ फुकट गेला, अशी बोंब तालुकाभर झाली असती.

मी हात धुतले आणि व्याख्यान सुरू केलं.

"हे बघा. वासराला रंगाची एक चिठ्ठी आईकडून मिळते, एक बापाकडून. काळी चिठ्ठी दांडगट. ती असली की तांबडीला कोणी विचारत नाही. याला प्रभावी गुण म्हणतात. तांबडी दबून राहते, पण नाहीशी होत नाही. आई काळी, बाप काळा, पण दोघांकडे एकेक तांबडी चिठ्ठी लपलेली असेल, आणि वासराला नेमक्या त्याच दोन मिळाल्या, तर वासरू तांबडं. चारात एखादं होतं असं."

"म्हंजी हिच्यापुढं मी दबलेला हाय, तसं," तात्या हौसाबाईंकडे बोट दाखवत पहिल्यांदाच बोलले.

आळी हसली. मी खूश झाले. तेवढ्यात अण्णांनी बोट वर केलं.

"गायीकडं तांबडी चिठ्ठी हाय, हे तुमीच म्हणता ना?"

"हो."

"आन माझ्या वळूकडं तर तांबडीच. झाल्या की दोन!"

माणूस बरोबर बोलत होता. व्हेटर्नरी कॉलेजात पाच वर्षं घासून मी विरुद्ध पार्टीची वकील झाले होते.

"डीएनए टेस्ट करू," मी पुटपुटले.

"कशाला? तुमच्या शब्दावर भरोसा हाय आमचा."

आता मात्र मी चिडले. चिडले की मी फार गोड बोलते.

"काही म्हणा अण्णा, वळू देखणा आहे हो तुमचा."

अण्णा फुलले. "साहिवाल हाय, शुद्ध! अंगावर एक पांढरा ठिपका दाखवा. पोरांवर बी नाय! किती बी बांड्या, ठिपक्याच्या गायी येऊ द्या, वासरू एकरंगीच. पंधरा झाली, एकाला ठिपका नाय!"

हौसाबाईंनी कालवडीचं तोंड अण्णांकडे फिरवलं. "मग ह्यो कपाळावरचा कुठून आला, भावजी?"

मी संधी सोडली नाही. अंगभर एकच रंग हा दांडगट गुण, ठिपके हा दबलेला. ठिपक्यांचं वासरू व्हायला दोन्हीकडून ठिपक्यांची चिठ्ठी लागते; तात्यांची गाय आणि स्ट्रॉचा वळू दोघेही काळे-पांढरे, त्यांच्याकडे ती होतीच. अण्णांच्या वळूकडे ती असती, तर बांड्या गायींच्या पोटी निम्मी वासरं तरी ठिपक्यांची झाली असती.

अण्णा त्या कपाळाकडे बघत राहिले. वळूला बाप म्हणावं तर शुद्धपणा जातो. शुद्ध म्हणावं तर कालवड जाते.

"असली ठिपक्याची पोर आमच्यात होत नाय," ते म्हणाले आणि चपला घालून निघाले.

कालवड हौसाबाईंच्या मांडीशीच राहिली. मी आता आनुवंशिकता कोणाला समजावत बसत नाही. भांडण आलं की समोरच्याच्या जनावराचं कौतुक करते आणि गप्प बसते. पुढचं सगळं तोच सांगतो.