चीर दिसेल असा पांढरा

पंधरा दिवसांपूर्वी आमच्या पेंटरने, गफूरभाईंनी, मला एक प्रश्न विचारला. 'बाई, पांढरा ठीक हाय... पन कोन्ता पांढरा?'

आता पांढऱ्यात काय कोणता! सात रंग मिळून एक पांढरा होतो, असं मी शाळेत जन्मभर पोरांना शिकवलं. एका पांढऱ्याचे एवढे पांढरे होतात, हे मला गफूरभाईंच्या शेडकार्डानं शिकवलं. मोतिया, दुधी, हस्तिदंती, बर्फासारखा... नावं सगळी इंग्रजीत आणि माझ्या चष्म्याला सगळे सारखेच.

आमच्या लातूरच्या गल्लीत आता घरं कमी आणि हॉस्टेलं जास्त. मीसुद्धा वरच्या खोल्या कोचिंगच्या मुलींना देते. परीक्षा झाली आणि मुली गेल्या, कुणी देवणीला, कुणी हदगावला. नवीन बॅच येईपर्यंत घर इतकं शांत असतं की फ्रीज सुरू झाला तरी दचकायला होतं. म्हटलं, मधल्या दिवसांत रंग उरकून घ्यावा. तेवढंच घरात माणूस येईल-जाईल...

पूर्वी हा प्रश्नच नव्हता. भूकंप झाला तेव्हा आमचं घर पडलं नाही, पण हॉलच्या भिंतीला दारापासून खिडकीपर्यंत एक चीर गेली. इंजिनिअर बघून म्हणाला, वरवरची आहे, घाबरू नका. तरी कित्येक दिवस आम्ही अंगणात पत्र्याखाली झोपलो. आत आलो तेव्हा ह्यांनी जाहीर केलं, या घराला पांढऱ्याशिवाय दुसरा रंग लागणार नाही. 'चीर वाढली तर लगेच दिसाय पाहिजे.'

मग दर दिवाळीला चुना, त्यात चिमूटभर नीळ. चुन्याखाली चीर बुजायची आणि उन्हाळा आला की पुन्हा डोकं वर काढायची. आणि हे रोज सकाळी चहाच्या आधी भिंतीसमोर उभे! चिरेवरून बोट फिरवायचे आणि आत येऊन सांगायचे, 'तेवढीच हाय गं.' मी म्हणायची, 'असू द्या, चहा निवून राहिला.' एखाद्या दिवशी चिडून म्हणायची, भिंतीकडं बघता तसं कधी माझ्याकडंबी बघा. हसायचे नुसते.

गेल्याच्या गेल्या वर्षी हे गेले. तेव्हापासून भिंतीकडे कुणी बघितलंच नव्हतं, मीसुद्धा नाही.

तर गफूरभाईंनी त्याच भिंतीवर चार पांढऱ्यांचे चार पट्टे मारून दिले. म्हणाले, दोन-चार दिवस बघा आणि सांगा. मी फोटो काढून मुलांना पाठवले. मुलगी म्हणाली, आई, फोटोत सगळे सेमच दिसतात. मुलानं अंगठा पाठवला. आता चार रंगांना मिळून एक अंगठा, म्हणजे नेमका कुणाला...

पण त्या पट्ट्यांनी गंमत केली. दूधवाला कधी उंबऱ्याच्या आत यायचा नाही, तो आत येऊन तिसरा घ्या म्हणाला. शेजारच्या वहिनी दोनदा येऊन गेल्या, दोन्ही वेळेला मत वेगळं. कुरिअरवाल्यानंही थांबून मान तिरकी करून बघितलं. बऱ्याच दिवसांनी घरात वाद झाला हो! मी पुन्हा पुन्हा चहा टाकत होते.

गफूरभाईंचा फोन यायचा, 'ठरलं का बाई?' मी म्हणायची, नाही हो, बघून राहिले अजून. खरं सांगते, मला ठरवायचंच नव्हतं. ठरलं की पट्टे जाणार, आणि मग लोकांनी आत यायचं कशाला?

शेवटी ते वैतागून घरीच आले. हॉस्टेलवाले मागं लागलेत, आज सांगा नाहीतर मी दिवाळीलाच येतो म्हणाले. माझी वाट न बघता पिशवीतून पुट्टीचा डबा काढला आणि पुट्टी लावायची पत्री चिरेवर टेकवली. 'अगोदर ही बुजवून टाकतो.'

मी जवळजवळ ओरडलेच... थांबा!

मग चष्मा पुसला आणि त्या भिंतीसमोर उभी राहिले, हे उभे राहायचे तिथंच. चीर चारही पट्ट्यांखालून गेली होती. मोतियात दिसेना, दुधीत दिसेना, हस्तिदंतीत तर पार गडप. फक्त शेवटच्या पट्ट्यात ती केसासारखी स्वच्छ दिसत होती. जरा निळसर झाक असलेला, आमच्या जुन्या चुन्यासारखा पांढरा. कुणालाच न आवडलेला.

म्हटलं, हाच द्या. आणि चीर भरू नका.

गफूरभाई माझ्याकडे बघतच राहिले. 'बाई, लोकं चीर झाकाय रंग देतेत, आन् तुमी दाखवाय देऊन राहिलेत!' वर, उद्या कुणी विचारलं तर माझं नाव सांगू नका, अशी ताकीदही दिली.

काल काम संपलं. मजूर गेले, शिड्या गेल्या, दूधवाला पुन्हा उंबऱ्याबाहेरूनच दूध देऊन गेला. घर नवंकोरं दिसतंय आणि फार मोठं वाटतंय. रात्री जेवताना मला रडू आलं, खोटं कशाला बोलू.

आज सकाळी चहा उकळत ठेवला आणि भिंतीपाशी गेले. बोट फिरवून बघितलं. तेवढीच आहे. मोठ्यानं म्हणालेसुद्धा... पण चहा निवून राहिला म्हणणारं आत कुणी नव्हतं.

म्हणून तुम्हाला सांगितलं. चीर तेवढीच आहे.