ढोलाचा रेनकोट

काल कंपनीतून घरी येताना निगडीच्या मैदानात ढोल-ताशाचा सराव चालला होता. ठेका कानावर पडला आणि गाडी आपोआप थांबली! तेवढ्यात पाऊस कोसळला. कॉलेजात असताना मीही पथकात होतो. ढोलाचं चामड्याचं पान भिजलं की आवाज बसायचा, म्हणून आम्ही आपले रेनकोट ढोलांना घालायचो आणि स्वतः चिंब भिजत नाचायचो. मला राहवेना राव! अंगातला रेनकोट काढून मी एका पोरीच्या ढोलावर टाकला. ती हसली, "काका, हे पान फायबरचं आहे, भिजलं तरी वाजतं."
"असू दे गं!" म्हणत मी नाचायलाच लागलो.
दारात निथळणाऱ्या पन्नाशीच्या लेकाला बघून आई कडाडली, "मेल्या, परत ढोलाला घातलास?"