गळ्याइतक्या पाण्यातला सौदा

डोक्यावर सुपारीची पोती वाहत मी म्हसळ्याच्या बाजारात दुकानदार झालो. कुणी मला शिकवायला आलं की माझं डोकं फिरतं. तरीही पहिला मचवा मी दिघीच्या खाडीवरच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीला बांधायला दिला. म्हसळ्यापर्यंत मोटार नुकतीच यायला लागली होती तेव्हाची गोष्ट.

अट एकच घातली. नारळी पौर्णिमेला मचवा पाण्यात पाहिजे. पावसाळाभर अडकलेल्या सुपारीची पहिली खेप जो मुंबईला नेईल, त्यालाच बागवाले वर्षभर माल देत. समोरचा दुकानदार आपल्या जुन्या मचव्यासकट त्याच खेपेवर टपला होता.

मिस्त्री कागदावर रेघ म्हणून ओढत नसे. वितीने मोजायचा, झावळ्यांच्या मांडवात मचव्याभोवती घिरट्या घालायचा आणि भरती आली की कपड्यांसकट खाडीत उतरून गळ्याइतक्या पाण्यात बसायचा.

"मिस्त्री, काम करताय की म्हशीसारखे डुंबताय?"

"कामच चाललंय, शेट. पाण्याला होडी कशी दिसते ते बघतोय."

पौर्णिमेला आठ दिवस उरले असताना त्याने एका बाजूच्या तीन फळ्या उखडल्या. "हिकडं पोट सुटलंय," एवढंच म्हणाला. मला काठावरून काही दिसेना. मी इतका ओरडलो, की आगरदांड्याहून येणाऱ्या तरीच्या होडीतले लोक उभे राहून बघायला लागले. त्याच्यावर ढिम्म परिणाम नाही.

दोन दिवसांनी शुक्रवार आला. मिस्त्री नमाजाला गेलेला बघून मी शेजारच्या गावातले दोन सुतार आणले आणि त्याच फळ्या पुन्हा ठोकून घेतल्या. मिस्त्री परत आला, फळ्यांवरून हात फिरवला आणि जाऊन पाण्यात बसला.

हाका मारल्या. नवं धोतर कबूल केलं. उठेना. शेवटी त्याची मानगूट धरून बाहेर काढायला मीच उतरलो, तर चिखलात पाय सरकला आणि त्याच्या शेजारी बदकन बसलो. पाणी गळ्यापर्यंत.

"आता आलाय तर बघा," तो म्हणाला.

बघितलं. काठावरून सरळ वाटणारा माझा मचवा तिथून कडेवर घागर घेतलेल्या बाईसारखा दिसत होता.

"किती दिवस?"

"धा."

"पाच."

"धा."

"सात तरी?"

"भिजलेल्या माणसाशी मी सौदा न्हाय करत, शेट."

पौर्णिमेनंतर चार दिवसांनी मचवा उतरला. चालला झक्क. पण पहिली खेप समोरच्याच्या जुन्या मचव्यातून गेली होती, आणि वर्षाचा मालही तिकडेच गेला.

पुढच्या पावसाळ्यात मी मिस्त्रीकडे गेलो तर समोरचा दुकानदार डोक्यावर टोपी तशीच ठेवून खाडीत बसलेला! त्याचा नवा मचवा मांडवात होता.

"हे बघायला मी वर्षाचा धंदा घालवला!" मी ओरडलो. "आणि याला फुकट बसवता?"

"पाणी काय तुमच्या बापाचं हाय, शेट?"

त्यानंतर मी चार मचवे घेतले. प्रत्येक वेळी आधी खाडीत गळ्यापर्यंत बसलो, मगच होकार दिला. खेपेचं दुःखही कधीच गिळलं. पण त्या दिवशी समोरचा दुकानदार चिखलात घसरू नये म्हणून मिस्त्रीने त्याच्या बुडाखाली एक फळी टाकली होती. माझ्याच मचव्यातून उखडलेली. ती फळी मी अजून विसरलेलो नाही.