तारीख नसलेली शिक्षा

ती सकाळ आजही जशीच्या तशी आठवते. नव्वदच्या दशकातली गोष्ट. सिंदेवाहीच्या बाजूला, जंगलाला लागून असलेल्या एका ठाण्याचा मी ठाणेदार होतो. हजेरी झाली होती, थंडी मरणाची होती आणि मी ओसरीत उन्हाला खुर्ची टाकून चहा पीत होतो. तेवढ्यात एका गावचा पोलीस पाटील सायकल आडवी टाकून आत आला.

"सायेब, आमचा तलाव मेला," तो म्हणाला.

तलाव कसा मरतो, ते तिथे जाऊन कळले. मालगुजारांच्या, म्हणजे जुन्या जमीनदारांच्या काळातला मोठा तलाव. रोहू, कतला, मरळ, सगळी मासळी पांढरी पोटे वर करून तरंगत होती. काठावर एक बैल पाय ताणून पडला होता. पहाटे तो पाणी प्यायला उतरला होता. ढिवरमोहल्ल्यातल्या, म्हणजे मासेमारांच्या वस्तीतल्या बायका घरातले माणूस गेल्यासारख्या रडत होत्या. त्या मोहल्ल्याचे पोट या तलावावरच चालायचे. सगळ्यांनी मिळून जाळे ओढायचे आणि घरटी वाटा घ्यायचा, अशी त्यांची पिढ्यांची रीत होती.

पंचनामा केला. पाण्याचे नमुने बाटल्यांत भरून, लाखेचे सील लावून नागपूरला तपासणीला पाठवले. बैलाचे शवविच्छेदन झाले. पाण्याला धानावर फवारायच्या औषधाचा वास येत होता. बैल मेल्यामुळे गुन्हा साधा राहिला नव्हता, पाच वर्षांपर्यंत शिक्षेचे कलम लागले.

दुसऱ्याच दिवशी खबर मिळाली. बसस्टँडवरचा आमचा खबऱ्या सांगत आला, की वडश्याच्या एका मुसलमान मासळी व्यापाऱ्याला हा तलाव ठेक्याने हवा होता. तो मिळाला नाही, तेव्हा 'पाहून घेतो' असे तो चारचौघांत बोलला होता. गावाला तर हे पटलेलेच होते. बाहेरचा माणूस दोषी निघाला की गावाची झोप मोडत नाही, हे मी नोकरीत अनेकदा पाहिले आहे.

व्यापाऱ्याला बोलावले. पन्नाशीचा, डोळ्यांत सुरमा घातलेला बोलका माणूस.

"साहब, माझा धंदा मासळीचा. मी मासळी मारून खाऊ काय?" तो म्हणाला. "त्या रात्री मी वडश्यात नाटक पाहून राह्यलो होतो. पुऱ्या गावाने पाह्यलं मले."

"कोणतं नाटक?" आमच्या हवालदाराने दरडावून विचारले.

गड्याने पहिल्या अंकापासून सुरुवात केली. खलनायकाचे संवाद हातवारे करून म्हटले, नायिकेच्या रडण्यापाशी स्वतःचा आवाज भरून आणला. आमच्या भागातल्या झाडीपट्टीच्या नाटकांचा आमचा हवालदार मुळातच वेडा. दुसऱ्या अंकात तो खुर्ची पुढे ओढून बसला. शेवटी मीच दोघांना थांबवले. वडश्यात चौकशी केली, तेव्हा व्यापारी खरोखर पुढच्या रांगेत बसला होता असे दहा जणांनी सांगितले. त्याला सोडून दिले आणि पुन्हा तलावावर गेलो.

या वेळी काठाने सावकाश फिरलो. तलावाला लागून एक लहान बोडी होती, म्हणजे डबक्यापेक्षा मोठे आणि तलावापेक्षा लहान असे पाणी. मासळीची पिल्ले मोठी करायला मोहल्ल्याने ती राखलेली. एका पाटाने बोडीचे पाणी तलावाला मिळायचे. मी वाकून पाहिले, तर बोटाएवढी पिल्ले मजेत पळत होती. पाटाच्या तोंडाशी ताजी माती आणि गवत दाबून पक्का बांध घातलेला होता.

मोहल्ल्यात विचारले. बांध कुणीच घातला नव्हता. मी तिथेच दगडावर बसलो. तलाव मारायला आलेल्या माणसाने आधी पिल्लांची वाट बंद केली होती, म्हणजे ती विषारी पाण्यात जाऊ नयेत. दुसऱ्या कुणाला हे सुचलेच नसते, आणि सुचले असते तरी त्याने ते केले नसते. राग कितीही असो, जन्मभर पाण्यावर जगलेल्या माणसाचा हात बियाण्यावर पडत नाही. गुन्हेगार मोहल्ल्यातलाच होता.

"इथे कुणावर कुणाचा राग आहे?" मी मोहल्ल्याच्या मुखियाला विचारले. सत्तरीचा, काटक म्हातारा. तो जाळ्याच्या गाठी सोडवत राहिला.

"भाऊ, त्या टोकाच्या घराचा माणूस त्या दिवशी काठावर दिसला नाही," हवालदार त्याला म्हणाला.

"तो आमच्यात नाई," मुखिया म्हणाला. "वाळीत हाय."

पावसाळ्यात, मासळी अंड्यावर असताना, तलावात जाळे टाकायचे नाही हा मोहल्ल्याचा कडक नियम होता. त्या माणसाने जाळे टाकले. पंचांनी त्याचा वाटा बंद केला, विस्तव-पाणी बंद केले. त्या वेळी वाळीत टाकण्याविरुद्ध आजच्यासारखा कायदा नव्हता. असता, तरी तक्रार द्यायला कोण आले असते?

त्याला ठाण्यात आणले. चाळिशीचा, खाली मान घातलेला. मी पट्ट्यापेक्षा चहावर जास्त भरवसा ठेवणारा अधिकारी. चहा समोर ठेवला आणि एवढेच विचारले, "बांध काऊन घातला रे?"

त्याने कप खाली ठेवला.

"पिल्लायनं माह्यं काय केलं होतं, सायेब?"

मग तो बोलतच राहिला. "माय बिमार होती. मरळीचा रस्सा मांगे. म्हणून जाळं टाकलं. चूक झाली, मी मानतो. पण माय मेली तं खांद्याले कोणी आलं नाई. मी अन् माह्या साळ्यानं बैलगाडीवर नेली तिले. मी मुखियाले इचारलं, आता किती दिवस? तो काई बोलला नाई."

पोलिसांसमोरचा कबुलीजबाब न्यायालयात चालत नाही. पण पोलिसांनी बोलावलेल्या साक्षीदार पंचांसमक्ष निवेदन करून त्याने झुडपात पुरलेला औषधाचा डबा काढून दिला, आणि केस पक्की झाली. लॉकअपमध्ये जाताना तो वळला.

"सायेब, सरकारची शिक्षा किती रायते?"

"पाच वर्षांपर्यंत. किती द्यायची ते न्यायाधीश ठरवतील."

"पण संपते ना ते?"

मी कडक शिक्षेचा माणूस. हा प्रश्न मला तोवर कुणी विचारला नव्हता. मी मान हलवून हो म्हटले.

न्यायालयात त्याने गुन्हा कबूल केला. सरकारने दिलेला वकील तरुण आणि हुशार होता. पहिलाच गुन्हा आहे, चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर सोडावे, अशी विनंती त्याने केली. मनातून मलाही तेच वाटत होते. न्यायाधीशांनी आरोपीला विचारले, शिक्षेबाबत काही सांगायचे आहे का.

तो हात जोडून उभा राहिला. "मले सोडू नका जी. असाच सोडला तं मोहल्ला म्हणन, ह्याले शिक्षा झालीच नाई. मंग त्यायची शिक्षा मरेपर्यंत चालन. जेल द्या. भोगून येतो, म्हणजे फिटन."

न्यायाधीशांनी चष्मा काढून पुसला आणि एक वर्षाची कैद सुनावली. त्याच्या चेहऱ्यावर मला सुटका झाल्यासारखी दिसली. असा आरोपी मी पुन्हा पाहिला नाही.

पुढच्या हिवाळ्यात तो सुटला आणि गावी न जाता थेट ठाण्यात येऊन बाकावर बसला.

"घरी जा ना," हवालदार म्हणाला.

"कसा जाऊ, भाऊ? कोणी बोलावलं नाई."

मला राग आला. त्याचा नाही, त्या गप्प बसणाऱ्या मोहल्ल्याचा. त्याला जीपमध्ये घातले आणि तलावावर नेले. जाळे ओढणे चालू होते. आम्हाला पाहून सगळे थांबले. तो जीपजवळच उभा राहिला, पुढे पाऊल टाकेना.

मी मुखियासमोर गेलो. "भाऊ, सरकारची शिक्षा संपली. तुमची कधी संपणार?"

म्हाताऱ्याने हातातले जाळे खाली ठेवले. "आमी तारीखच टाकली नव्हती, सायेब."

मग तो चिखलातून वर आला, माझ्या बाजूने निघून सरळ जीपजवळच्या त्या माणसासमोर जाऊन उभा राहिला. मला वाटले, आता याला माफी मागायला लावणार. पण म्हाताऱ्यानेच हात जोडले.

"तुह्या मायले खांदा द्याले आमी आलो नाई. ते पाप आमचं होय," तो म्हणाला. "चाल."

एवढा वेळ दगडासारखा उभा असलेला तो माणूस रस्त्यावरच खाली बसून ओक्साबोक्शी रडू लागला. हवालदाराने तोंड फिरवले. माझेही डोळे भरले होते, सांगायला लाज कसली?

निवृत्त झाल्यावर लोक विचारतात, साहेब, शिक्षा कडक हवी की सुधारायची संधी हवी? जेवढा गुन्हा तेवढी शिक्षा, हे मी आजही मानतो, आणि किती ते न्यायालयाने ठरवावे. पण त्या तलावाने मला एक गोष्ट शिकवली. शिक्षा देणाऱ्याने ती कोणत्या दिवशी संपेल हेही सांगायचे असते, आणि तो दिवस आला की आपण उठून माणसाला घ्यायला जायचे असते.