रंजनाचा पुतळा जाळला तेव्हा

रंजना खिल्लारे गेल्याचा फोन तिच्या भावाचा आला, तेव्हा मी वर्गावर निघाले होते. ‘ताई, रंजी गेली…’ एवढंच तो बोलला. मी कॉलेजच्या जिन्यातच बसून राहिले. महिना उलटून गेला, तरी अजून ‘रंजना होती’ असं जिभेवर येत नाही.

आम्ही दोघी विद्यापीठात बरोबर शिकलो. मी कविता शिकवायला लागले, ती लोकसाहित्याकडं वळली. पण तिची पावलं जायची ती सभांना, मिरवणुकांना, जयंत्यांना. ‘ओवी मेली नाय गं, ती आता घोषणा देते,’ असं म्हणायची. पुढाऱ्यावर जेसीबीतून फुलं उधळतात, बाया औक्षण करतात, त्याच्या गाडीला लावलेला हात माणसं कपाळाला नेतात. हा गावदेवाचा छबिनाच आहे, असं तिनं एका लेखात लिहिलं. तिला त्यात माणसांची भक्ती दिसली होती. कार्यकर्त्यांना मात्र साहेबांची टिंगल दिसली. भरचौकात तिचा पुतळा जाळायचं ठरलं.

‘चल, बघून येऊ,’ ती म्हणाली. मी नको नको म्हणतेय, तोवर डोक्यावर पदर घेऊन निघालीसुद्धा! गर्दीत तिला कुणी ओळखलं नाही. कडब्याचा पुतळा, अंगावर हिरवी सुती साडी, तोंडावर काळ्या रंगानं काढलेला चष्मा. ‘चष्मा विसरले नाय बघ,’ ती माझ्या कानात हसली. साडीनं पेट घेतला, तसं तिनं माझं मनगट घट्ट धरलं. शेजारी उभ्या असलेल्या भाजीवाल्या म्हातारीनं कानशिलावर बोटं मोडली. म्हणाली, ‘कुणाची लेक हाय कुणास ठावं… पर जित्या माणसाला असं जाळलं, की त्याचं आयुष्य वाढतंय बाई.’

‘व्हय? हे कुणी सांगितलं तुमाला, मावशी?’ रंजनानं लगेच विचारलं. त्याही वेळी!

रिक्षात मात्र ती रडली. ‘माझ्या आईची असलीच साडी होती गं… लासूरच्या बाजारातून घेतलेली.’ एवढंच बोलली. पुढच्या आठवड्यात पुन्हा एका मिरवणुकीत हजर.

नंतर आजार निघाला. दवाखान्यात मी उशाशी बसले की म्हणायची, ‘मावशीनं दिलेलं वाढीव आयुष्य चाललंय. काटकसरीनं वापरते.’ मला हसू यायचं नाही. ती माझ्या हसण्याची वाट बघायची…

परवा उस्मानपुऱ्यात तिच्या खोलीवर गेले. भावानं तिनं केलेलं सिल्लोडच्या एका सभेचं रेकॉर्डिंग लावून दिलं. रेकॉर्डर ती बायकांच्या घोळक्यात ठेवायची. त्यामुळं भाषण लांबून, पुसट येतं. जवळून येतं ते बायांचं बोलणं. कुणाची कापसाची वेचणी, कुणाच्या सुनेचं बाळंतपण… आणि मधूनमधून रंजनाचं ‘हं… हं…’ गोष्ट सांगणाऱ्याला देतात तसा हुंकार.

भाऊ चहा टाकायला आत गेला. मी हळूच बोलायला लागले. कॉलेजातलं, घरातलं, तिला सांगायचं राहून गेलेलं… बोलता बोलता डोळे पुसायला थांबले. रेकॉर्डिंगमधली बाईही नेमकी तेव्हाच थांबली होती.

‘हं,’ रंजना म्हणाली. ‘मग?’